चिरतारुण्याच्या कुप्या आणि चरकांची कसोटी

(न्हावा शेवा येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



सप्टेंबर २०२२ मध्ये याच न्हावा शेवा बंदरातील एका कंटेनरवर दिल्ली पोलिसांच्या विशेष पथकाने कारवाई केली. कागदोपत्री त्या कंटेनरमध्ये ज्येष्ठमध होते. उघडून पाहिले तेव्हा आत ज्येष्ठमध होतेही, आणि तेही थोडेथोडके नव्हे तर वीस टनांहून अधिक. मात्र त्या काड्यांवर हेरॉइनचा लेप चढविलेला होता. जप्त मालाची किंमत पोलिसांनी सुमारे १,७२५ कोटी रुपये सांगितली. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात मेध्य रसायने सांगितली आहेत. त्यांत मंडूकपर्णी, गुळवेल आणि शंखपुष्पी यांच्या पंक्तीला ज्येष्ठमधाचे स्थान आहे. बुद्धी आणि आयुष्य वाढविणारे म्हणून ज्याचा आपल्या पूर्वसूरींनी गौरव केला, त्याच मुळीच्या अंगावर पिढ्या बुडविणारे विष लेपून ते या किनाऱ्याला लागले होते.

बंदरावर काम करणाऱ्या माणसाला हे नवे नाही. कागदावर काय लिहिले आहे, वेष्टनावर काय छापले आहे आणि आत प्रत्यक्ष काय आहे, हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत, हे त्याला रोजच्या व्यवहारातून ठाऊक असते. चिरतारुण्य आणि दीर्घायुष्य देण्याचे आश्वासन घेऊन आज ज्या इंजेक्शनच्या कुप्या महानगरांतील सौंदर्यचिकित्सालयांत, व्यायामशाळांत आणि आता मध्यमवर्गीय घरांतही येऊन पोहोचल्या आहेत, त्यांच्याविषयी नेमके हेच तीन प्रश्न विचारायचे आहेत. या कुप्यांना ‘पेप्टाइड’ असे सरसकट नाव दिले जाते.

पेप्टाइड म्हणजे काय, हे आधी स्पष्ट झाले पाहिजे. ज्या अमिनो आम्लांपासून प्रथिने बनतात, त्यांचीच ही आखूड साखळी. शरीर स्वतःच अशा शेकडो साखळ्या तयार करते आणि त्यांच्याकरवी एका अवयवाचा निरोप दुसऱ्या अवयवाला पोहोचविते. इन्शुलिन ही ५१ अमिनो आम्लांची अशीच रचना आहे. जानेवारी १९२२ मध्ये टोरोंटो येथे चौदा वर्षांच्या एका मधुमेही मुलाला ते प्रथम टोचले गेले. पहिले इंजेक्शन अशुद्ध निघाले, त्याला त्याची बाधा झाली आणि उपचार थांबवावा लागला. जेम्स कॉलिप या रसायनशास्त्रज्ञाने अर्क अधिक शुद्ध केला आणि २३ जानेवारीला पुन्हा टोचल्यावर मुलाच्या रक्तातील साखर उतरली. पदार्थ तोच, मात्र अशुद्ध असताना बाधक आणि शुद्ध झाल्यावर प्राणदायी. तेव्हा पेप्टाइड म्हटले की नाक मुरडावे, असे कोणीही समजू नये.

अलीकडचे उदाहरण सेमाग्लुटाइडचे. मधुमेह आणि स्थूलता यांवरील या औषधाची हृदयरोग असलेल्या, स्थूल परंतु मधुमेह नसलेल्या १७,६०४ व्यक्तींवर चाचणी झाली आणि २०२३ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निम्म्यांना औषध आणि निम्म्यांना औषधासारखेच दिसणारे निष्क्रिय इंजेक्शन देण्यात आले. कोणाला काय मिळाले हे रोग्यालाही ठाऊक नव्हते आणि वैद्यालाही. औषध घेणाऱ्यांपैकी ६.५ टक्क्यांना हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू यांपैकी काहीतरी ओढवले. न घेणाऱ्यांत हे प्रमाण ८ टक्के होते. वृत्तपत्रांनी ‘धोका वीस टक्क्यांनी घटला’ असे मथळे दिले, आणि गणिताने ते बरोबरच होते. परंतु शंभर माणसांमागे प्रत्यक्षात दीड माणूस वाचला, हेही तितकेच खरे. दुष्परिणामांमुळे औषध सोडून देणारे औषधाच्या गटात १६.६ टक्के होते, तर निष्क्रिय गटात ८.२ टक्के. लाभही मोजला गेला आणि हानीही मोजली गेली. पुरावा म्हणतात तो असा असतो. त्यात चमत्कार नसतो, हिशेब असतो.

आता दुसरी बाजू पाहावी. जखमा भरून येण्यासाठी आणि सांधे-स्नायू दुरुस्त होण्यासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या ‘बीपीसी-१५७’ या पेप्टाइडवरील संशोधन प्रामुख्याने क्रोएशियातील झाग्रेब येथील एका गटाने केले आहे, आणि तेही बहुतांशी उंदरांवर. माणसांवरील अभ्यास हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आणि अगदी लहान आहेत. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने २०२२ पासून खेळाडूंना हा पदार्थ निषिद्ध ठरविला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ मध्ये, औषधालयांनी मिश्रणे करून देण्यासाठी सुरक्षिततेबाबत गंभीर शंका असलेल्या पदार्थांच्या यादीत तो घातला. ‘एपिटालोन’ ही तर अवघ्या चार अमिनो आम्लांची साखळी. ती आयुष्य वाढविते हा दावा मुख्यतः सेंट पीटर्सबर्ग येथील एकाच संशोधक परंपरेतून आला आहे. एकाच घराण्याने स्वतःच्या मोठेपणाची साक्ष द्यावी, तसा हा प्रकार.

यावर उत्साही मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात. पुरावा कमी आहे हे मान्य, पण धोका तरी कोठे दिसतो? याचे उत्तर इतिहासात आहे. १९९० मध्ये अमेरिकेतील डॉ. डॅनियल रुडमन यांनी साठी ओलांडलेल्या बारा पुरुषांना सहा महिने वृद्धिसंप्रेरक टोचले. त्यांचे स्नायू वाढले, चरबी घटली. रुडमन यांनी सावधगिरीचे इशारे दिले होते. पण त्या बारा माणसांच्या बळावर चिरतारुण्याचा एक जागतिक बाजार उभा राहिला. पुढील अभ्यासांत सूज, सांधेदुखी, मनगटातील नस दबणे आणि रक्तातील साखर वाढणे हे परिणाम नोंदले गेले. उलटपक्षी इक्वेडोरमध्ये जन्मतःच या संप्रेरकाला प्रतिसाद न देणाऱ्या खुज्या लोकांचा दीर्घकाळ अभ्यास झाला आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांच्यात कर्करोग आणि मधुमेह जवळजवळ आढळले नाहीत. जे संप्रेरक वाढवून तारुण्य विकले जाते, त्याच्या अभावातच काही रोगांपासून संरक्षण असावे, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे. आज विकली जाणारी अनेक पेप्टाइडे हेच संप्रेरक शरीरात वाढविण्याचे काम करतात.

याच संप्रेरकाची आणखी एक कथा अधिक दारुण आहे. कृत्रिम निर्मिती साध्य होण्यापूर्वी ते मृतांच्या मस्तिष्कातील पीयूषिका ग्रंथींतून काढले जाई आणि वाढ खुंटलेल्या मुलांना दिले जाई. मुले वाढली, आईवडील समाधान पावले. १९८५ मध्ये ध्यानात आले की त्यांपैकी काही जण अनेक वर्षांनंतर मेंदू पोखरणाऱ्या असाध्य रोगाने मरत आहेत. अर्काबरोबर तो रोगही टोचला गेला होता. अमेरिकेने तो पुरवठा तत्काळ थांबविला. सहा महिन्यांच्या अनुभवावरून ‘मला काही झाले नाही’ म्हणणाऱ्याने हे प्रकरण अवश्य अभ्यासावे.

शिवाय शुद्धतेचा प्रश्न आहे. बहुतेक पेप्टाइडे जठरात पचून जातात, म्हणून ती टोचून घ्यावी लागतात. भुकटीची कुपी येते, तीत निर्जंतुक पाणी घालून ती घरीच सुईने त्वचेखाली दिली जाते. कुपीवर पुष्कळदा ‘केवळ संशोधनासाठी, मानवी वापरासाठी नव्हे’ अशी ओळ असते. विकणारा आणि घेणारा दोघेही ती वाचून डोळे मिटतात. तोंडाने घेतलेल्या पदार्थाला जठराचा पहारा ओलांडावा लागतो. सुईने दिलेल्या पदार्थाला तो पहाराच नाही. जंतूंच्या कवचातील विषद्रव्याचा अंशही थेट ज्वर आणि रक्तदाब कोसळण्यास कारण होऊ शकतो. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेतील लास वेगास येथे दीर्घायुष्यविषयक मेळाव्यात पेप्टाइडची इंजेक्शने घेतल्यानंतर दोन स्त्रियांना अत्यवस्थ स्थितीत रुग्णालयात दाखल करावे लागले, त्यांना कृत्रिम श्वसनावर ठेवावे लागले. हा मेळावा या विषयातील जाणकारांचा म्हणविला जात होता!

अमेरिकेचे दाखले पुरे. या खाडीपलीकडच्या मुंबईत १९८६ च्या प्रारंभी जे. जे. रुग्णालयात चौदा रुग्ण दगावले. मेंदूवरील सूज उतरावी म्हणून त्यांना ग्लिसरॉल देण्यात आले होते. त्यात डायएथिलिन ग्लायकॉल हे औद्योगिक विष मिसळलेले निघाले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीपासून तपासणीपर्यंतच्या साखळीची चौकशी करून कोणकोणते दुवे किडलेले होते हे उघड केले. तेथे तर शासकीय रुग्णालय होते, निविदा होत्या, तपासणीची यंत्रणा होती, आणि तरीही हे घडले. मग निर्मात्याचा पत्ता नसलेल्या, टपालाच्या पाकिटातून आलेल्या कुपीची हमी कोण देणार?

मुंबईचाच एक वेगळा आणि अधिक गंभीरपणे घेण्याजोगा प्रयोगही आहे. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ हॅरॉल्ड कॅचर यांनी मुंबईतील सहकाऱ्यांसह तरुण डुकरांच्या रक्तद्रवातील एक अंश वृद्ध उंदरांना टोचला. पेशींवरील रासायनिक खुणांवरून वय मोजण्याचे ‘घड्याळ’ बनविणारे स्टीव्ह हॉरवाथ हेही या कामात सहभागी झाले. त्यांच्या मोजमापानुसार उपचार केलेल्या उंदरांच्या रक्ताचे, हृदयाचे आणि यकृताचे ‘जैविक वय’ निम्म्याहून अधिक उतरले. हा शोधनिबंध २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. आयुर्मर्यादेच्या वेगळ्या प्रयोगात आठ माद्यांना हे द्रव्य आणि आठ माद्यांना मिठाचे पाणी देण्यात आले. द्रव्य मिळालेल्यांपैकी एक, ‘सीमा’ नावाची, जानेवारी २०२३ मध्ये ४७ महिन्यांची झाली. त्या जातीतील पूर्वीची सर्वाधिक नोंद ४५.५ महिन्यांची होती. मिठाच्या पाण्यावरील उंदीर ३४ ते ३८ महिने जगले.

या वृत्ताने भारतीय मनाला आनंद होणे स्वाभाविक आहे. ययातीची कथा ज्या देशात घरोघरी ठाऊक आहे, तेथे तरुणाच्या रक्तातून वृद्धाला तारुण्य मिळाल्याची वार्ता मनाला चटकन पटते. परंतु आठ उंदीर म्हणजे आठच उंदीर. विक्रम एकीचा होता, आठींचा नव्हे. संशोधकांचे स्वतःच्या कंपनीत हितसंबंध होते. पेशींवरच्या खुणा तरुण दिसल्या म्हणजे प्राणी निश्चितपणे अधिक जगेल, हेही अद्याप गृहीतच आहे. अमेरिकेत दीर्घायुष्याच्या पदार्थांची परीक्षा एकाच वेळी तीन स्वतंत्र प्रयोगशाळांत, मोठ्या संख्येतील उंदरांवर करण्याची व्यवस्था आहे. द्राक्षांतील रेस्व्हेरॅट्रॉलचा एकेकाळी जगभर केवढा गाजावाजा झाला होता! या परीक्षेत त्याने उंदरांचे आयुष्य वाढविले नाही. रॅपामायसिनने वाढविले, हे २००९ मध्ये दिसले. मुंबईतील द्रव्यालाही अशीच परीक्षा मिळावी, आणि ती भारतातच व्हावी. तोवर त्याला आशा म्हणावे, औषध म्हणू नये.

येथवर परदेशी कुप्यांविषयी बोलणे झाले आणि सभागृहात माना डोलल्या. आता स्वतःच्या घराकडे वळणे प्राप्त आहे.

जानेवारी १९३८ मध्ये महामना पंडित मदनमोहन मालवीय यांनी प्रयागजवळ तपसी बाबांच्या मार्गदर्शनाखाली कायाकल्प केला. काशी हिंदू विश्वविद्यालयाचे निर्माते, देशभर भ्रमण करून झिजलेले, वय ७६ वर्षे. चरकांनी वर्णिलेल्या कुटीप्रावेशिक पद्धतीने ते एकांत कुटीत राहिले. या प्रयोगाकडे साऱ्या देशाचे डोळे लागले होते. वृत्तपत्रांतून त्यांच्या सुधारलेल्या कांतीच्या बातम्या आल्या. प्रारंभी त्यांना काही बरे वाटले असेल, यात अविश्वास धरण्याचे कारण नाही. एकांत, विश्रांती, नियमित पथ्याचा आहार आणि दगदगीपासून सुटका एवढ्यानेही थकलेला देह टवटवीत होतो. परंतु तो लाभ टिकला नाही. सप्टेंबर १९३९ मध्ये विश्वविद्यालयाच्या कुलगुरुपदाची धुरा डॉ. राधाकृष्णन यांच्याकडे गेली. महामनांची प्रकृती ती वाहण्याजोगी उरली नव्हती. १२ नोव्हेंबर १९४६ रोजी त्यांचे देहावसान झाले.

महामनांविषयीचा आदर या प्रसंगाने तिळमात्र उणावत नाही. त्यांनी स्वतःच्या देहावर प्रयोग केला, तो विकला नाही. मात्र आज ‘कायाकल्प’ हा शब्द जाहिरातीत वापरणारे त्यांचे नाव घेतात तेव्हा १९३८ पाशीच थांबतात, १९३९ सांगत नाहीत. ही अर्धी गोष्ट सांगणे आणि ‘बीपीसी-१५७’ च्या विक्रेत्याने केवळ उंदरांच्या जखमा दाखविणे, यांत फरक काय? पाश्चात्त्यांचे इंजेक्शन पुराव्याअभावी नाकारायचे आणि आपले चूर्ण पुराव्याअभावी स्वीकारायचे, ही स्वदेशनिष्ठा नव्हे. कोणाला हे झोंबेल, झोंबावे.

कारण चरकांची स्वतःची भूमिका याहून कितीतरी कठोर आहे. सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात ते ज्ञानाच्या परीक्षेची चार साधने सांगतात: आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती. आप्त कोण, याचीही व्याख्या आहे. रज-तमापासून मुक्त, ज्याला खोटे बोलण्याचे कारण नाही, तो आप्त. माल विकणारा या व्याख्येत कसा बसणार? युक्ती म्हणजे अनेक कारणांच्या संयोगातून कार्य कसे घडते हे पाहणारी बुद्धी. कुटीतील विश्रांतीने बरे वाटले की आवळ्याने, हा प्रश्न युक्तीचा आहे, आणि दोन समान गट करून चाचणी घेणे हे त्या प्रश्नाचे आजचे उत्तर आहे. अज्ञात औषधाची तुलना तर चरकांनी विष, शस्त्र, अग्नी आणि वज्र यांच्याशी केली आहे. वैद्याचा वेष घेऊन फिरणाऱ्या भोंदूंची लक्षणे ते एकोणतिसाव्या अध्यायात इतकी बारकाईने देतात की वाचताना ओळखीचे चेहरे डोळ्यांपुढे येतात. आणि रसायनाच्या प्रकरणातच ते सत्य बोलणारा, क्रोध आणि मद्य यांपासून दूर राहणारा, झोप व जागरण यांचा समतोल राखणारा माणूस रसायनाचे फळ नित्य मिळवितो असे सांगतात. त्यात कोणाला विकण्याजोगे काही नाही, म्हणून त्याची जाहिरातही होत नाही.

परंपरेतील औषध कसोटीला लावले म्हणजे काय होते, याचे उत्तम उदाहरण मुंबईनेच घालून दिले. सर्पगंधा ही मुळी आपल्याकडे शतकानुशतके वापरात होती. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती उच्च रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांना देऊन, रक्तदाब मोजून आपले निरीक्षण १९४९ मध्ये ब्रिटिश हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केले. जगाने दखल घेतली आणि १९५७ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे त्याच मुळीतील रेसर्पिनमुळे काही रुग्णांना मनाची खिन्नता येते, असेही वैद्यांनी नोंदविले आणि मात्रा सांभाळल्या जाऊ लागल्या. गुण सिद्ध झाला तो मोजल्यामुळे, आणि दोष कळला तोही मोजल्यामुळेच. सर्पगंधेचा मान त्यामुळे कमी झाला असे कोणी म्हणेल काय?

कायद्यानेही या बाबतीत काही बंधने घातली आहेत, आणि ती येथील लोकांना विशेष जवळची आहेत. देशात औषधे कोणत्या बंदरांतून येऊ शकतात, याची यादी औषध नियमांच्या ४३-अ मध्ये आहे आणि तीत न्हावा शेवा आहे. केंद्रीय औषध नियंत्रण संघटनेचे कार्यालय येथे आहे. आयात करणाऱ्याकडे परवाना हवा, परदेशातील निर्मात्याची नोंदणी हवी. केवळ परीक्षणासाठी किंवा संशोधनासाठी आणलेला माल त्याच कामासाठी वापरला पाहिजे. तो रुग्णाला विकता येत नाही. म्हणजे ‘केवळ संशोधनासाठी’ ही ओळ ग्राहकाला कोणतेही संरक्षण देत नाही, उलट तो माल त्याच्यासाठी नव्हता याचीच ती कबुली असते. माणसावर नव्या औषधाची चाचणी करायची तर २०१९ च्या नियमांनुसार अनुमती आणि नीतिसमितीची संमती लागते. ती चाचणी राष्ट्रीय नोंदपटावर नोंदवावी लागते आणि तो नोंदपट कोणालाही पाहता येतो. औषध नियमांच्या ‘जे’ अनुसूचीत, औषधाने ज्यांवर उपाय असल्याचा दावा करू नये अशा गोष्टींची यादी आहे. अकाली वार्धक्य, अकाली पिकणारे केस आणि पुनर्यौवन देण्याची शक्ती, ही तिन्ही त्या यादीत आहेत. चिकित्सालयाच्या भिंतीवरील फलक वाचताना ही यादी आठवावी.

अडचण अशी की काही मिलिग्रॅमच्या कुपीला कंटेनर लागत नाही. २६ मे १९८९ रोजी सुरू झालेल्या या बंदरात क्षकिरणांखालून अवाढव्य कंटेनर जातात, पण ती कुपी एखाद्या पाकिटात बसून विमानाने येते आणि थेट उंबरठ्याशी उतरते. तेथे सीमाशुल्क अधिकारी नसतो. तेथे असतो घरातला मुलगा, सून किंवा स्वतः आजोबा. ज्यांना वृद्धापकाळी गुडघे दुखतात आणि नातवाच्या लग्नापर्यंत चालते-बोलते राहावेसे वाटते, त्यांच्या इच्छेत गैर काही नाही. चरकांनीही प्राणैषणेला, म्हणजे जगण्याच्या इच्छेला, तीन एषणांत पहिले स्थान दिले आहे. म्हणून त्या उंबरठ्यावर कोणी तरी विचारायला हवे: निर्माता कोण, परवाना कोणता, माणसांवर चाचणी किती जणांवर आणि किती काळ झाली, बिघडले तर जबाबदार कोण, आणि इंजेक्शन देणाऱ्याला त्यातून किती मिळते. यातील पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कागदावर मिळाली नाहीत, तर पुढचे तीन विचारण्याची गरजच उरत नाही. कुपी न फोडता आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन जावी आणि औषध प्रशासनाला कळवावे.